काच सांधणारा वेंडेल

टिसा नदीकाठच्या विद्यापीठात, रसायनशास्त्राच्या इमारतीखालच्या तळघरात, वेंडेल बोझोकी फुटकी काच सांधायचा. चंबूची मान तुटो की नळीला तडा जावो, ज्योतीवर फिरवत फिरवत तो ती अशी जोडायचा की सांधा बोटाला लागू नये. बाकीच्या प्रयोगशाळा फुटलं ते सरळ टोपलीत टाकायच्या. दुसऱ्या मजल्यावरच्या सारोल्ता बाई मात्र एकेक तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून खाली आणायच्या. टाकायला काय लागतं, म्हणायच्या, पण टाकलेलं जातं कुठे?

काम होईपर्यंत त्या स्टुलावर बसायच्या. आईचं दुखणं, विद्यार्थ्यांची सोंगं, काय काय सांगायच्या. लग्न दोघांनीही केलं नव्हतं. बाईंकडे बरेच दिवस काही फुटलं नाही, की वेंडेल चक्क हळहळायचा.

मग बाईंची आई गेली आणि त्यांना फिनलंडहून दोन वर्षांसाठी बोलावणं आलं. निघायच्या आदल्या दिवशी त्या एक नरसाळं घेऊन आल्या. वेंडेलनं ते उजेडात धरून चहूबाजूंनी पाहिलं.

"याला तर काहीच झालेलं नाही, बाई."

"माहीत आहे मला."

त्या उभ्याच राहिल्या. वेंडेलनं नरसाळं पुन्हा कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिलं आणि सांभाळून जा म्हणाला. जिन्यावरची पावलं वाजायची थांबली तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पण धावत वर जायचा धीर काही झाला नाही.

पुढे प्लास्टिक आलं, वापरा आणि फेका. तळघराला कुलूप लागलं. वेंडेल निवृत्त होऊन परसात मिरच्या लावू लागला. बाई परतल्या नाहीत.

बऱ्याच वर्षांनी दल्मा नावाची विद्यार्थिनी सायकल हाणत त्याच्या फाटकाशी आली. विद्यापीठातला कचरा कमी करायचा विडा तिनं आणि चार मित्रांनी उचलला होता. काका, तुम्ही येत असाल तर तळघर उघडू, म्हणाली. आपले हात आता थरथरतात, असं वेंडेलनं सांगून पाहिलं.

"काचेपुरते थांबतील की," दल्मा म्हणाली.

तो गेला. खरं तर कचऱ्यासाठी नाही, त्या तळघरासाठी गेला. हात हळूहळू ताळ्यावर आले. पोरांनी आवारात रंगीत पिंपं मांडली होती. प्रयोगशाळेची काच बाटल्यांच्या काचेबरोबर वितळत नाही म्हणून तिच्यासाठी त्यांनी वेगळी पेटी ठेवली. ती भरली की दल्मा खाली आणायची. स्टुलावर मात्र वेंडेल तिला बसू देईना. पाय मोडका आहे म्हणे. तिनं एकदा वाकून चारही पाय हलवून बघितले.

"धड तर आहे. कुणासाठी राखून ठेवलंय, काका?"

आजवर कुणाला न सांगितलेलं त्यानं तिला सांगितलं. दल्मानं विभागातल्या जुन्या लोकांना विचारून बाईंचा फिनलंडचा नंबर मिळवला.

"काय बोलू मी?" फोन हातात घेऊन वेंडेल म्हणाला.

"विचारा, काही फुटलंय का," दल्मा म्हणाली आणि वर निघून गेली.

पलीकडून आवाज आला आणि त्याला दुसरं काही सुचेना. त्यानं खरंच तेच विचारलं.

"वेंडेल," बाई म्हणाल्या, "गुडघे फुटलेत. ते जोडता येतील का तुम्हाला?"

मग बर्फाविषयी बोलणं झालं, नदीला पाणी किती यावर झालं. वसंतात येते, बाई म्हणाल्या. या की, तो म्हणाला. ते गुडघे एवढा प्रवास करू देणार नाहीत, हे दोघांनाही कळत होतं.

"ज्योत पेटवा ना जरा," शेवटी त्या म्हणाल्या. "तो आवाज ऐकायचाय."

वेंडेलनं फोन टेबलावर ठेवला आणि ज्योत पेटवली. ती सूं करत निळी उभी राहिली. ज्योतीवर धरायला हातात काही नव्हतं. गॅस नुसता वाया जात होता, आणि वेंडेल तो जाऊ देत होता.