दुसऱ्या ग्रहावरचं स्वयंपाकघर

देवासला आमचं वाचन मंडळ महिन्यातल्या एका रविवारी दुपारी भरतं. बहुतेक मंडळी कारखान्यातल्या नोकरीसाठी इकडे आलेली, आता निवृत्त. मी धारची, लग्न होऊन इथे आले, शाळेत विज्ञान शिकवते. तेच ते राजे आणि त्याच लढाया ऐकून विटले होते, म्हणून यंदा हट्टानं एक विज्ञानकथा वाचायला घेतली.

कथेत दूरच्या ग्रहावर माणसांची वसाहत आहे. तिथे घरोघरी स्वयंपाकघर नाही, सगळे एकत्र जेवतात, रांधायची पाळी प्रत्येकावर येते. आडनाव कुणालाच नाही. मला वाटलं, यावर बोलायला दुपार पुरायची नाही.

वाचून झाल्यावर आमचे शेजारी काका आधी बोलले. ते निवृत्त इंजिनिअर.

"एवढ्या वस्तीला पाणी कुठून आणलं? लेखकानं काहीच सांगितलं नाही."

"काका, पाणी राहू द्या. तिथली माणसं एकमेकांशी कशी वागतात ते बघा ना."

"पाणी नसेल तर वागायला माणसं उरतील का? देवासात आम्ही काय दिवस काढलेत, तुला माहीत नाही."

झालं. टँकर, बोअरिंग, नर्मदेची पाइपलाइन. अर्धा तास त्यातच गेला. मी पुस्तकात बोट घालून बसून राहिले.

मग काकांची सून म्हणाली, "ताई, मला तर आधे शब्द समजलेच नाहीत. वसाहत म्हणजे काय?" तिचं सगळं शिक्षण हिंदीतून झालेलं.

"बस्ती."

"मग बस्तीच लिहायचं ना."

मी कपाळावर हात मारायची तेवढी राहिले. एवढ्यात सेक्रेटरी घड्याळ बघत म्हणाले, "चहाचं बघा कुणीतरी." तिघी बायका लगेच उठल्या. सवयीनं मीही निम्मी उठले होते, ती परत बसले.

"आज चहा पुरुषांनी करायचा," मी म्हटलं.

"कथेत आहे म्हणून?" काकांनी विचारलं.

"हो. कथेत आहे म्हणून."

कुणी हलेना. उठलेल्या बायका माझ्याकडेच रागानं बघत होत्या. शेवटी सून म्हणाली, "बाबा, चला, गॅस कुठे आहे ते दाखवते." काका कुरकुरत गेले. चहाचा पाक झाला होता. सगळ्यांनी मुकाट्यानं प्यायला आणि पुढच्या महिन्यासाठी एकमतानं ऐतिहासिक कादंबरी ठरवली. मी वाद घातला नाही. घालून उपयोग नव्हता.

जाताना सुनेनं ते पुस्तक मागून घेतलं. "हिंदीत मिळेल का?" असंही विचारलं. नाही म्हटलं, हेच वाच. तेव्हापासून ती पानांचे फोटो पाठवते, शब्दांखाली रेघा मारून. मी पेपर तपासत असते आणि फोन वाजत राहतो. चिडचिड होते, पण उत्तर देते.

काल विचारलं, "ताई, सहजीवन म्हणजे लिव-इन का?"

मी टाइप करायला लागले, पुसलं, पुन्हा लिहिलं. मग सरळ तिला फोनच लावला.