टाकी फुल्ल

फौजेत मी एकवीस वर्षं इंधनाच्या डेपोत काढली. हातात बंदूक कमी, जेरीकॅनच जास्त. पण गावात परत आल्यावर हे कोण विचारतं? पेन्शनवर आलेला माणूस म्हणजे फौजी, आणि कुठं लढाईचं निघालं की त्याचा शब्द शेवटचा. मीही ही हौस पुरेपूर भागवून घेत आलो.

आखातात लढाई पेटल्याच्या बातम्या यायला लागल्या तेव्हा संध्याकाळी पारावर लोकांनी सरकून मला जागा करून दिली.

"फौजी, तेल बंद व्हनार म्हंत्यात. खरं हाय का?"

झालं, माझी कळी खुलली. आपलं बहुतेक तेल बाहेरून बोटीनं येतं, वाटेत समुद्राची एक चिंचोळी पट्टी आहे, ती अडली की कुपवाडचे कारखाने आणि आपले ट्रॅक्टर दोन्ही थंड, असं सगळं सांगितलं. डेपोत टाकी भरल्याशिवाय आम्ही गाडी उभी करत नव्हतो, हेही वर ऐकवलं.

"मग आमी काय करावं?"

"सकाळी उजाडायच्या आत टाक्या फुल्ल करून घ्या. कॅनमदी देनार न्हाईत, गाड्याच न्या." मी हुकूम सोडला. माझ्या जीपची टाकी मी दुपारीच भरून आणली होती.

दुसऱ्याच दिवशी सांगलीला माझ्या मुलीची पोलीस भरतीची मैदानी चाचणी होती. साडेसहाला गेट बंद. दोन वर्षं ती कालव्याच्या रस्त्यावर धावत होती, आणि वयात बसायची ही शेवटचीच भरती. पारावर हे मला आठवलं नाही असं नाही. आपली टाकी भरलेली आहे, एवढाच विचार मी केला.

पहाटे पोरीला घेऊन निघालो आणि कुपवाडच्या अलीकडच्या पंपाशी जीप अडकली. अख्खं गाव माझा शब्द पाळून रस्त्यावर उतरलं होतं. ट्रॅक्टरांना उसाचे दोन-दोन ट्रेलर तसेच जोडलेले, वळायला जागा नाही. एकानं तर कॅन चालत नाही म्हणून विहिरीवरचं इंजिनच ट्रेलरवर चढवून आणलं होतं. बघता बघता आमच्या मागंही रांग लागली. मी हॉर्न वाजवला तर पुढचा ट्रॅक्टरवाला वळून हसला. "फौजी, तुमी सांगितलं आन् आमी आलो बगा!"

काच खाली केली की धूर आत, वर केली की जीव गुदमरायचा. पोरगी घड्याळाकडं बघत होती, माझ्याकडं बघत नव्हती. शेजारीच मोटरसायकली उभ्या होत्या. उतरून कुणालाही म्हणालो असतो तर त्यानं तिला आनंदानं सोडलं असतं. पण मग माझ्याच हुकमानं मी अडकलोय, हे चारचौघांत कबूल करावं लागलं असतं. मी स्टिअरिंग धरून बसून राहिलो. या गोष्टीची मला अजून लाज वाटते.

"आबा, मी जाते. फुडं मिळंल कायतरी."

दार अर्धंच उघडलं. त्या फटीतून ती बाहेर पडली आणि कागदांची पिशवी छातीशी धरून ट्रॅक्टरांच्या मधून पळत सुटली. तिथून मैदान चांगलं सहा किलोमीटर होतं.

दुपारी ती एसटीनं घरी आली. वाटेत काहीच मिळालं नव्हतं.

"गेट उघडं हुतं, आबा," ती म्हणाली. "धावायची पाळी आली तवा पायच उरलं न्हवतं."

तेल काही बंद झालं नाही. दुसऱ्या दिवशी पंपावर टँकर आला, रस्ता मोकळा झाला. भरतीचं काय झालं म्हणून गल्लीतल्या बायकांनी विचारलं तेव्हा मी तिथंच होतो. ती म्हणाली, ऐन वेळी पोटात दुखायला लागलं.

पारावर माझी जागा अजून तशीच आहे. पोरीच्या पोटाला काय झालं होतं, असं लोक तिथं मलाच विचारतात. मी सांगतो, बाधलं असंल कायतरी.