बदामाचं बूड

सकाळची सर ओसरली तेव्हा मी सोसायटीच्या गेटपाशी उभा होतो. गटाराच्या जाळीत पाणी शिरत होतं, कडक चहाच्या रंगाचं. झाडलोट करणाऱ्या मावशी खराट्याने बदामाची भिजकी पानं त्याच जाळीत ढकलत होत्या.

"अहो मावशी, गटारात कशाला ढकलताय?" मी खेकसलो.

खराटा न थांबवता त्या म्हणाल्या, "मग कुठं टाकू, काका? आधी झाडाच्या बुडाशी लोटत होते. आता बूड ठेवलंय का तुम्ही?"

मी बदामाकडे पाहिलं. पेव्हर ब्लॉक थेट खोडाला भिडलेले. बोटभर माती उघडी नाही. शेजारच्या पडीक प्लॉटवरही असाच बदाम आहे, त्याच्यावरही हाच पाऊस पडला. पण तिथली पानं पडल्या जागी कुजतात, मातीत मिसळतात, पाणी जिरतं. आमच्या झाडाचं अन्न मात्र नाल्यात जाऊन सडतं. मग नाल्याला घाण वास येतो म्हणून आम्हीच तक्रार करतो, आणि कुंड्यांसाठी खताची पोती विकत आणतो! किती हा शहाणपणा!

आणि संताप तरी कुणावर काढू? "चपला चिखलाने भरतात, सगळीकडे ब्लॉक बसवून टाका," असं म्हणत मीटिंगमध्ये पहिला हात मीच वर केला होता.

मी खाली पाहिलं. चपलांवर चिखलाचा एकही ठिपका नव्हता. पायातून काढून त्याच जाळीत फेकाव्यात असं वाटलं.