चाळणीतला समुद्र

आमच्या धाराशिवच्या कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या लॅबमध्ये चाळणीखाली चिखल साचतो आणि चाळणीभोवती किस्से. चिखल निदान सिंकमधून वाहून तरी जातो.

बहुतेक किश्शांचे नायक म्हणजे माझे गाइड, आमचे सर. येरमाळ्याजवळ रस्त्यासाठी फोडलेल्या डोंगरात लाव्ह्याच्या दोन काळ्या थरांमध्ये पांढरा चुनखडक आहे. तो फोडून, चाळून त्यातले बारीक जीवाश्म मायक्रोस्कोपखाली पाहून तिथं पूर्वी पाणी कसलं होतं ते ठरवायचं, ही माझी पीएचडी. पण सरांचं आधीच ठरलेलं!

"समुद्र सापडेपर्यंत प्रबंधावर सही नाही."

माझ्या धाकट्या भावाचं लग्न झालं, त्याला पोरं झाली. मी आपला चाळतोच आहे.

*

एकदा आम्ही तिथं हातोडा चालवत होतो. येडेश्वरीच्या दर्शनाला निघालेल्या एक आजी थांबल्या.

"काय हुडकताय सायेब?"

"समुद्र!" सर छाती काढून म्हणाले.

"आधी आमच्या बोअरचं पाणी हुडका की! लई पुण्य लागंल."

सरांनी त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही.

*

लॅबचा एक नियम आहे. एक नमुना चाळून झाला की चाळणी धुऊन निळ्या रंगात बुडवायची. जाळीत एखादं कवच अडकून राहिलं असेल, तर ते निळं होतं. पुढच्या नमुन्यात निळं काही दिसलं की समजायचं, हे मागचं! उचलून फेकायचं.

हे लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक. सर सोडून! "चाळण्या घासायला मी पीएचडी केली नाही," असं ते अभिमानानं सांगतात.

घासायला आम्ही दोघं, मी आणि माझ्याबरोबर संशोधन करणारी फरजाना. ईदलाही तिचे हात निळे. तिची अम्मी म्हणाली, "ये कौनसी मेहंदी लगा को आयी गे?"

*

मी सरांना चुनखडकातल्या गोगलगायी दाखवल्या. "सर, या गोड्या पाण्यातल्या. इथं तळं होतं."

"फिरायला आल्या असतील! आपण नाही का सुट्टीत कोकणात जात?"

*

एके दिवशी सर स्वतःच मायक्रोस्कोपला बसले आणि ओरडले, "सापडला!"

मी वाकून पाहिलं. समुद्री जीवांची चिमुकली कवचं होती खरी, पण झाडून सगळी निळी!

"सर, ही निळी आहेत..."

"मग? समुद्र काय पिवळा असतो?"

त्यांनी माझ्या प्रबंधात जिथं जिथं 'तळं' होतं तिथं 'समुद्र' केलं आणि सही ठोकली. संताप असा आला की हातातला हातोडा मी आधी लांब ठेवला.

*

शेवटी व्हायव्हा. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई पडद्यावरची निळी कवचं बराच वेळ बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "याच्या आधी या चाळणीतून कुठला नमुना धुतला होता?"

फरजानानं डोळे मिटले. खरं बोलावं तर सर कोपणार, खोटं बोलावं तर बाई डिग्री देणार नाहीत. म्हटलं, काय व्हायचं ते होवो.

"कच्छचा, मॅडम. तिथला समुद्रातला चुनखडक."

बाईंनी चष्मा काढला. सर खुर्चीतून ताडकन उठले.

"ऐकलंत ना मॅडम? म्हणजे कच्छपासून येरमाळ्यापर्यंत एकच सलग समुद्र!"