जनवाड्यातून बघितलेलं टेक्सास

आमच्या थोरल्या साडूंना, म्हणजे अण्णांना, शंभराच्या आत काही करताच येत नाही. याला गुण म्हणावं की दोष, हे मी त्यांचा धाकटा साडू झाल्यापासून ठरवतो आहे आणि अजून ठरलेलं नाही. जनवाड्याला त्यांचं किराणा दुकान आहे, थोडी शेती आहे, पण जीव सगळा दुसऱ्यांच्या लग्नातल्या चुलवणावर. लग्न कुणाचंही असो, अण्णा नवरदेवाकडे ढुंकून न बघता थेट आचाऱ्याकडे जातात, हुग्गीच्या, म्हणजे गव्हाच्या खिरीच्या, कढईवर वाकून नुसता वास घेतात आणि "हुग्गीला आनी एक उकळी दे" असा निकाल देऊन मोकळे होतात. आचारी आधी चिडतो, मग मुकाट्याने उकळी देतो आणि पंगत उठेपर्यंत त्यांचा शिष्य झालेला असतो. तीनशे माणसांना वांगी किती लागतील हे ते बोटंसुद्धा न मोडता सांगतात. पण एकदा अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, तापाने पडल्या आणि दोघांपुरतं उपीट करायला अण्णा स्वयंपाकघरात शिरले. ते उपीट संपवायला शेवटी पातेलं उचलून बसस्टँडवर न्यावं लागलं, आणि बीदरच्या दोन बसगाड्या ड्रायव्हर-कंडक्टरसह खाऊन गेल्या. मी विचारलं तर म्हणाले, "दोघाचा अंदाजच येत न्हाई वो पावनं. मुठीनं रवा घातला तर पडल्यासारखाच वाटत न्हाई."

दुसरी खोड चिकाटीची. जनवाड्याहून बीदरला चालत गेलं तर किती पावलं होतील, यावर एकदा दुकानात वाद झाला. अण्णा दुसऱ्या दिवशी सकाळी मोजत निघाले. निम्म्या वाटेत कुणीतरी भला माणूस "नमस्कार अण्णा, कुटं निघालाव?" म्हणाला आणि आकडा चुकला. तर हे परत जनवाड्याला आले आणि वेशीपासून पुन्हा एक, दोन, तीन. त्या भल्या माणसाशी नंतर महिनाभर बोलले नाहीत. एवढं करून आलेला आकडा कुणालाच पटला नाही, ही गोष्ट वेगळी.

असा हा मनुष्य, आणि त्यांची एकुलती एक लेक भाग्या. कडगंचीच्या विद्यापीठात राहून तिने शेतीच्या मातीवर काहीतरी मोठं शिक्षण घेतलं आणि एक दिवस तिला टेक्सासहून बोलावणं आलं, पुढचं शिकायला या म्हणून. व्हिसा झाला, तिकीट झालं, अक्कांनी चटण्या कुटायला घेतल्या. अण्णा मात्र गप्प. हो नाही आणि नाहीही नाही. भाग्या माझ्याकडे बीदरला आली आणि चहा गार होईपर्यंत नुसती बसून राहिली. मग म्हणाली, "मावसा, अप्पा न्हाई म्हनले असते तर भांडले असते. गप बसलेल्या मानसाशी कसं भांडू? अन् अप्पांनी तोंडानं जा म्हनल्याबिगर मी जानार न्हाई, तिकीट वाया गेलं तरी." पोरगी बापाच्याच वळणावर गेलेली होती. मी तिला पुष्कळ धीर दिला, पण मलाच तो पुरला नाही.

तीन आठवड्यांनी अण्णा तोंड उघडून एवढंच म्हणाले, "तिथं काय खातेत?"

आमच्याकडे मुलगी द्यायच्या आधी घर बघायला जातात. बाप जातो, भावकीतली जाणती माणसं नेतो, तिथलं पाणी पितो, तिथलं जेवतो. घरची माणसं कशी आहेत ते बोलण्यावरून कमी आणि ताटावरून जास्त कळतं, असा अनुभव आहे. अण्णांचं म्हणणं सरळ होतं. पोरगी परक्या मुलखात चालली, तर मुलूख बघायला नको? "मला इतक्या लांब जायला येत न्हाई पावनं. मग तिथलं हितं आणून खायाचं. पोटाला पटलं तर पुढचं बोलू." आणि घर बघायला बाप एकटा कधी जात नाही, म्हणून दीडशे माणसांना आवतण.

भाग्याने फोनवर शोधून एक पाव दाखवला. पिठाचे लिंबाएवढे गोळे साच्यात एकाला एक चिकटवून लावायचे, मधल्या फटींत राजमा, मका, ढोबळी मिरची, बाटलीतली तिकडची मिरची आणि चीज कोंबायचं, भट्टीत भाजायचं. मग तो अख्खा पाव मधोमध ठेवून भोवती बसलेल्या सगळ्यांनी हाताने तोडून खायचा. तिकडे घरी चार माणसं जमली की हा करतात, असं ती म्हणाली. गर्दीचं जेवण बापाला आवडेल असा बिचारीचा हिशेब. अण्णांनी कृती दोनदा वाचून घेतली आणि विचारलं, "आठ मानसाला असं लिवलंय. आठ मानसाला कोन बोलवतंय?"

मी सुचवलं की चीजऐवजी पनीर घालू आणि ती बाटलीतली आंबवलेली तिकडची मिरची सोडून आपली लवंगी घालू. अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की मी चष्मा पुसायला घेतला. "घर बघायला जाताना आपलाच डबा घेऊन जातेत का?" दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे हैदराबादच्या बसमध्ये. येताना बर्फाच्या पेटीत चीजच्या विटा, आणि ती पेटी सीटवर, अण्णा उभे. जहिराबादला कंडक्टर म्हणाला पेटी खाली ठेवा, तर म्हणाले, "तिकीट काढतो तिचं. पोरीच्या कामाची हाय."

पहिला प्रयत्न बिघडला तो यीस्टने. आठ माणसांचं यीस्ट अण्णांनी वीसपट केलं आणि वर "लग्नाघरी कमी पडू नये" म्हणून चार चमचे जास्त. पीठ हुग्गीच्या हंड्यात मळून उन्हात ठेवलं. तासाभरात झाकण उचललं गेलं. अण्णांनी वर पाटा ठेवला. पाटाही हळूहळू तिरका व्हायला लागला, तेव्हा अक्का ओट्यावरून खाली उतरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कामून जिवंत केलाव वो ह्याला?" ते पीठ आम्ही बीदरच्या एका जुन्या बेकरीत नेलं. लाकडाच्या भट्टीवाले चाचा अण्णांच्या लग्नकार्यातल्या ओळखीचे. त्यांनी निमूटपणे त्याचे साधे पाव करून दिले, आणि सगळी गल्ली तीन दिवस चहाबरोबर पाव खात होती. पण खरी कृती ऐकल्यावर चाचांचाही धीर सुटला. "अण्णा, पाव के पेट में सालन कायकू भर रैं? दोनों अलग अलग अच्छे हैं ना?" अण्णा म्हणाले, "चाचा, बेटी जा रई वां." चाचा बिस्किटांचे पत्रे बाजूला सारून म्हणाले, "तो फिर भट्टी आज तुम्हारी." मला वाटतं, चाचांनाही मुली असाव्यात.

रविवारी दुपारी बारा मोठे पाव वाकळांत गुंडाळून टेम्पोतून जनवाड्याला आले. अंगणात मांडव घातलेला होता. तिकडची रीत टेबलाभोवती बसून खायची, पण अण्णांनी लोकांना गोल करून मांडी घालून बसवलं आणि प्रत्येक गोलात एक वाफाळता पाव ठेवला. वास सुरेख सुटला होता. कुणी हात लावेना. "घ्या की," हा म्हणे. "तुमी घ्या आधी," तो म्हणे. इतकी सुबक अख्खी वस्तू आपण पहिल्यांदा कशी मोडायची, या संकोचात दीडशे माणसं एकमेकांना मान देत बसली. चीज गार होऊन आळायला लागलं. भाग्या खांबाला धरून उभी होती, आणि मी इतका अस्वस्थ झालो की स्वतःच उठून एक गोळा ओढणार होतो.

तेवढ्यात अण्णांचे नव्वदीला टेकलेले चुलते काठी आपटून म्हणाले, "तू बस आधी. पोरीच्या बापानं हात लावल्याबिगर आमी कसं खावं?"

अण्णा हातात पाण्याची बादली घेऊन उभे होते. "वाढप्यानं बसायचं नसतंय तात्या."

"आज तू वाढपी न्हाईस."

अण्णांना पंगतीत बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. अक्का म्हणतात, स्वतःच्या लग्नातही ते अर्ध्यातून उठून भात बघायला गेले होते. आता ते बसले, कुणी हाक मारेल अशा बेताने एक गुडघा वर ठेवून. पावाचा एक गोळा धरून ओढला. चीजची तार निघाली, लांबत गेली, तुटेना. एरवी हसू आलं असतं. त्यांनी ती बोटाभोवती गुंडाळून तोडली, घास तोंडात घातला आणि डोळे मिटून चावत राहिले. सगळा मांडव त्यांच्या जबड्याकडे बघत होता.

"मीठ कमी हाय," अण्णा म्हणाले.

अक्कांनी पदर तोंडाला लावला. भाग्याने मान खाली घातली. अण्णांनी घास गिळला, ते घोटभर पाणी प्यायले आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "तिथं गेल्यावर वरनं घालून घेत जा."

मला अर्थ कळायला क्षणभर लागला. भाग्याला लागला नाही. ती तिथेच खाली बसली आणि दीडशे माणसांसमोर मोठ्याने रडली, आणि त्या आवाजाने संकोच मोडून लोक पावांवर तुटून पडले. पाच मिनिटांत पत्र्यांवर कण राहिला नाही. तात्यांनी तर दात नसताना तीन गोळे खाल्ले.

भाग्या गेली त्याला आता वर्ष होईल. रविवारी सकाळी तिचा फोन येतो. तिकडे तेव्हा शनिवारची जेवायची वेळ असते. परवा मी दुकानात असतानाच आला. पडद्यावर भाग्या, पुढ्यात ताट. "काय जेवायलीस?" अण्णांनी विचारलं. राजमा-भात होता. "बेस. संगं कोन हाय?"

"कोन न्हाई अप्पा, एकटीच हाय. हितं ज्याचं त्यो खातंय."

"बरं बरं. जेव. फोन चालू ठिव." असं म्हणून अण्णा फोन पुढ्यात धरून बसले, ती एकेक घास घेत होती तो बघत. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना साखर मी बांधून दिली. तिचं ताट रिकामं झालं, तिने हात हलवला, फोन बंद झाला, तरी अण्णा काळ्या पडद्याकडेच बघत होते. माझा हा हट्टी, अचाट साडू मला त्या दिवशी पहिल्यांदा म्हातारा वाटला.

"पावनं," ते म्हणाले, "आपन जेवन तेवढं बगितलं. संगं कोन बसतंय, ते बगायचंच ऱ्हायलं की वो."