चौकटीवरचं पान

माझा नवरा सुतार. बोलायला मुखदुर्बळ, पण पटाशी हातात आली की तोच काय तो शहाणा. नांदेड जिल्ह्यातल्या मुधोळकडच्या आमच्या गावात दाराची चौकट त्यानंच करावी आणि तिच्यावर वेल असावी, हे ठरूनच गेलं होतं. वेलीचा शेंडा तो मुद्दाम मोकळा सोडी. घरात मूल जन्मलं की त्याला बोलावणं यायचं आणि शेंड्याला एक पान वाढायचं. घर हिंदूचं असो की मुसलमानाचं, माणसं तितकी पानं. माणूस मेलं तरी त्याच्या पानाला कुणी हात लावायचा नाही.

निजामाच्या राज्याच्या शेवटच्या उन्हाळ्यात माझ्या दिराला भैंसा गावच्या वाटेवर निजामाची बाजू घेणाऱ्या बंदुकवाल्या टोळीनं मारलं. प्रेत बैलगाडीतून आलं. नवऱ्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. तेरावं उरकलं आणि त्यानं आमच्या चौकटीवरचं भावाचं पान खोदून काढलं. चांगला खोल खड्डा पडला.

"अवो, काऊन करून राह्यले असं?" मी ओरडले.

त्यानंतर तो बैलांच्या जुवांवर बाभळीचे काटे कोरायला लागला. लोक हसायचे, "सुतारा, बैलाले टोचतीन ना!" मला मात्र त्याची भीती वाटायला लागली होती.

पुढे फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं, आणि आमच्याच गावची माणसं सूड उगवायला कुऱ्हाडी घेऊन निघाली. गल्लीच्या टोकाला एका मुसलमान कापूस-व्यापाऱ्याचं घर होतं. पुरुष आधीच पळाले होते. आत म्हातारी सासू, सून आणि सुनेच्या कुशीत काही दिवसांचं बाळ. सुनेनं गळ घातली म्हणून त्या बाळाचं पान माझ्या नवऱ्यानं नुकतंच, मनाविरुद्ध, कोरून दिलं होतं.

सागवानी दार कुऱ्हाडींना दाद देईना. जमाव आमच्या ओट्याशी आला.

"दार तूच बसवलं ना? मंग तूच खोल. भावाचा बदला घ्याचा का नाई?"

चौकटीच्या कोपऱ्यातली एक खुंटी उडवली की ते दार निखळतं, हे त्याला आणि मला ठाऊक होतं. त्यानं लाकूड तासायचा वाकस उचलला. मी हात धरला तर त्यानं मला असं ढकललं की मी ओट्यावर आपटले. तशीच उठून त्याच्यामागं त्या घरापर्यंत धावले.

पहिला घाव त्यानं त्या कोवळ्या पानावर घातला. मग बाळाच्या बापाचं पान, मग म्हातारीचं. पानांचा अर्थ गावाला ठाऊक होता. पान उडालं की माणूस मारल्यासारखे लोक आरडायचे. ढलप्या तोंडावर उडत होत्या, त्याच्या कपाळातून रक्त वाहत होतं आणि वाकस थांबत नव्हता. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की खुंटीवर एकही घाव पडत नाही.

मी त्यांच्या घरामागच्या परसात पळाले. दोघींना आणि बाळाला भिंतीवरून उतरवलं, डोक्याच्या वर वाढलेल्या ज्वारीत ढकललं. शेवटी लोकांनीच दार पाडलं तेव्हा घर रिकामं होतं. लोकांनी घर पेटवलं आणि मुद्दाम वेळ काढला म्हणून माझ्या नवऱ्याला लाथांनी तुडवलं. त्याच्या उजव्या हाताची बोटं कायमची वाकडी झाली. त्यानं पटाशी माळ्यावर टाकली.

राज्यांची फेररचना झाली आणि नांदेड जिल्ह्यातलं आमचं गाव जागचं न हलता आदिलाबादेत गेलं. कचेरीवर तेलुगू पाटी लागली. त्याच सुमारास ती सून परतली, जळक्या भिंतींवर छप्पर घालायला. चौकट तिनं माझ्या नवऱ्यालाच सांगितली. माळ्यावरची पटाशी काढून, वाकड्या बोटांनी वेल कोरत तो शेंड्याशी आला आणि मान खाली घालून त्यानं विचारलं, "लेकरू कुठी हाय?"

"ज्वारीतच गेलं. भीतीनं मले दूधच नाई आलं."

त्याच्या हातून पटाशी गळाली. तिनंच ती उचलून दिली. "उसका बी पान बनाव, भय्या. था ना वो."

त्यानं ते पान कोरलं. घरी येऊन आमच्या चौकटीतल्या खड्ड्यात सागवानाचा तुकडा ठोकून बसवला आणि भावाचं पान कोरायला घेतलं. भाऊ गेल्यावर न रडलेला माझा नवरा ते पान पुरं होईस्तोवर रडत होता.