आमच्या बजींची झोप

आई गेल्यानंतर वर्षभराने बाबा कळमेश्वरचं घर बंद करून माझ्याकडे नागपूरला राहायला आले. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते आणि धरमपेठेच्या मागच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावरच्या लहानशा फ्लॅटमध्ये एकटीच राहत होते. बाबांनी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तीसेक वर्षं काढली, त्यातली बहुतेक रातपाळीत. रातपाळी त्यांनी मागून घेतली होती. रात्री साहेब कमी आणि काम जास्त, हे त्यांना आवडायचं. आम्हा दोघांना एकमेकांशी फार बोलायची सवय नव्हती. माझ्या लहानपणी मी शाळेत जायला निघायची तेव्हा ते झोपायला निघायचे.

पक्षी आले ते बाबांच्या मागोमाग, महिनाभरात. खालच्या मजल्यावरच्या बाईंची बदली झाली, नवीन घरमालकाला पक्षी चालणार नव्हते, आणि मी नाही म्हणू शकले नाही. एक निळा नर, एक हिरवी मादी. बिल्डिंगमधले सगळे त्यांना लव्हबर्ड म्हणत. ते बजी, म्हणजे बजरीगर जातीचे छोटे पोपट आहेत, लव्हबर्ड वेगळे, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

बाबांनी पिंजऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पाखराले कोंडून काहून ठेवायचं?"

"आता सोडले तर एका दिवसात घार नेईल त्यांना."

"मग ठेव. मले त्याइचं काही करायले सांगू नको."

पिंजरा मी हॉलमध्ये खिडकीशेजारी टांगला. हवा येईल, झाडं दिसतील असा माझा विचार. आत झोका होता, घंटी होती, आरसा होता, प्लास्टिकची शिडी होती. समोरच्या दिवाणावर बाबा झोपायचे, कारण कूलर हॉलमध्येच होता आणि एप्रिल लागला होता.

त्याच आठवड्यातली एक रात्र. पत्र्याच्या डब्यात मूठभर चणे टाकून कोणी तो जिवाच्या आकांताने हलवावा, तशा आवाजाने मी उठले. धावत हॉलमध्ये आले आणि पहिलं काम केलं ते ट्यूबलाइट लावण्याचं. दोन्ही पक्षी पिंजऱ्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत आपटत होते. झगझगीत उजेड पडल्यावर ते आणखीच वेडे झाले. खालच्या वर्तमानपत्रावर रक्ताचे ठिपके दिसले. मी घाबरून पिंजऱ्याचं दार उघडलं आणि निळ्याला धरायला हात आत घातला. त्याच क्षणी हिरवी माझ्या मनगटावरून सुटली आणि सरळ वर गेली.

वर पंखा फिरत होता.

तेवढ्यात खट्‌कन बटण बंद झाल्याचा आवाज आला. बाबा दिवाणावरून उठून कधी भिंतीपाशी पोचले ते मला दिसलंच नाही. पाती मंदावत असताना हिरवी त्यांच्या खालून गेली आणि पडद्याला जाऊन चिकटली.

"हलू नको," बाबा हळूच म्हणाले. "आधी दार लाव पिंजऱ्याचं. आता बाथरूमचा लाइट लाव, दार अर्धं ठेव, अन् ही ट्यूब बंद कर."

मी सांगितलं तसं केलं. अर्धवट उजेडात खोली एकदम शांत झाली. पडद्यावर हिरवीची छाती भरभर खालीवर होत होती. बाबा पाचेक मिनिटं नुसते उभे राहिले. मग माझी ओढणी तिच्यावर अलगद टाकून त्यांनी तिला ओंजळीत घेतलं आणि पिंजऱ्यात सोडलं. निळ्याला त्यांनी हातरुमालात धरलं. मान दोन बोटांमध्ये, छाती मोकळी. लहानपणी नरखेडकडे त्यांच्या घरी कोंबड्या होत्या, पिल्लं असंच धरायची असतात म्हणाले. उजव्या पंखाच्या एका पिसातून रक्त येत होतं. मी फोनवर शोधलं, स्वयंपाकघरातून कॉर्नफ्लोर आणलं आणि चिमूटभर त्या जागेवर दाबून धरलं. थोड्या वेळाने रक्त थांबलं.

मग आम्ही चहा केला. कपात बघत मी विचारलं, "तुम्हाला आधी पंखा कसा सुचला?"

"मशिनीत कोनाचा हात सापडला तं मानसाकडे मागून धावतेत," ते म्हणाले. "आधी बटन."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी निळ्याला पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून पक्ष्यांच्या डॉक्टरकडे नेलं. बाबा न सांगता सोबत आले, ऑटोत खोकं त्यांच्याच मांडीवर होतं. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने भिंग लावून पंख पाहिला.

"हे नवीन, वाढत असलेलं पीस आहे," ती म्हणाली. "अशा पिसात रक्त खेळत असतं. मोडलं की तुटलेल्या पाइपसारखं वाहत राहतं. घरी ओढून काढायला जाऊ नका हं कधी." मोडलेला तुकडा तिने स्वतः काढला. मग तिने समजावून सांगितलं. बजींना अंधारात नीट दिसत नाही. काहीतरी हललं, वाजलं, की ते सरळ उडतात, आणि दांडी कुठे, गज कुठे हे कळत नसल्यामुळे आपटत राहतात. एक उडाला की दुसराही उडतो. रात्री मंद दिवा ठेवा. पिंजरा तीन बाजूंनी झाका, एक बाजू उघडी राहू द्या. झोपायची दांडी रोज बदलू नका. घाबरलेच, तर आधी बोला, मग लहान दिवा लावा, हात घालू नका.

"पण घाबरतात कशाला?" मी विचारलं.

"ते तुम्हालाच शोधावं लागेल. मी तुमच्या हॉलमध्ये नाही ना झोपत."

घरी आल्यावर बाबांनी पकड मागितली. झोका, घंटी, आरसा, शिडी, सगळं काढलं. "इतक्याशा घरात इतकं सामान," ते पुटपुटले. "मानूसबी आपटन." मग मला म्हणाले, "झीरोचा बल्ब आन."

संध्याकाळी बल्ब लावून झाल्यावर ते थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसले. "तुही आई लावून ठेवे सैपाकघरात," ते म्हणाले. "शिफ्ट कधी लवकर सुटली तं मी अंधारात भांड्यावर पडीन म्हनून." मला हे माहीत नव्हतं. मी झोपलेली असायची.

चार-पाच रात्री बऱ्या गेल्या. मग पुन्हा तीच फडफड. या वेळी आम्ही दोघांनीही घाई केली नाही. बाबा दिवाणावरूनच बोलत राहिले, पक्षी मिनिटभरात दांडीवर परतले, कोणाला लागलं नाही. पण कारण होतंच काहीतरी. माझा संशय मांजरीवर होता. एक पिवळी मांजर गॅलरीच्या कठड्यावरून जायची. मी झोपताना खिडकी लावून घेऊ लागले. तरी दोन रात्रींनी तेच.

"मी पाह्यतो," बाबा म्हणाले. "तसाबी जागाच राहतो."

"जागे म्हणजे?"

"रातची झोप कुठं येते मले. सवयच नाही. तू झोपली का मी पडून राहतो, मंग पहाटे लागते डोळा."

मी दहा वाजता दिवे मालवून आत जायचे आणि ते झोपले असं समजायचे. आले त्या दिवसापासून ते त्या दिवाणावर डोळे उघडे ठेवून पडत होते, आणि मला पत्ता नव्हता. मी म्हणाले, "मला का नाही सांगितलं?"

"सांगून का होते? तुले सकाळी ड्यूटी राहते."

तिसऱ्या रात्री त्यांनी माझ्या खोलीचं दार वाजवलं. पावणेतीन झाले होते. "ये. मांजर नाही. पाह्य काय आहे तं."

आम्ही दिवाणावर बसून राहिलो. थोड्या वेळात गल्लीत गाडी वळल्याचा आवाज आला. समोरच्या बिल्डिंगच्या गेटात शिरायला ती चढावर फिरली, आणि तिचे मोठे दिवे वर चढून थेट आमच्या खिडकीत शिरले. खिडकीच्या ग्रिलची सावली भिंतीवर उमटली आणि पिंजऱ्यावरून सर्रकन पुढे धावली. एखादा मोठा पक्षी पंख पसरून जावा तशी. निळा दांडीवर ताठ झाला. बाबा हळू आवाजात म्हणाले, "काही नाही रे, गाडी आहे." तो उडाला नाही.

सकाळी बाबांनी पिंजरा खिडकीपासून काढून आतल्या भिंतीला लावला, कूलरच्या झोतातून बाजूला. पण हॉल लहान, उजेड तिथेही पोचत होता. संध्याकाळी मी कामावरून आले तेव्हा ते समोरच्या गेटजवळ त्या गाडीवाल्याशी बोलत उभे होते. गाडी चालवणारा तिशीचा माणूस होता, रात्री विमानतळावरून प्रवासी आणायचा.

"काका, मी तं मुद्दाम मोठे लाइट लावतो," तो सांगत होता. "गेटात कुत्रे झोपले राहतेत. दिसले नाही तं चाकाखाली येतीन."

"ते बरोबर आहे तुह्यं," बाबा म्हणाले. "मग कुत्रे पाह्यले का लाइट बारीक करत जा. वळताना बारीक राहू दे."

"तुमच्या लव्हबर्डसाठी?"

"हो. जखमी झाला एक."

तो हसला, पण चेष्टेने नाही. "बरं. ध्यान ठेवतो मी."

"मीबी रातपाळीवालाच होतो," बाबा म्हणाले, आणि मग ते दोघं बराच वेळ तिथेच बोलत उभे राहिले. मी वर येऊन स्वयंपाकाला लागले.

तो बहुतेक रात्री आठवण ठेवायचा. तो विसरायचा त्या रात्रींसाठी मी सीताबर्डीहून जाड कापड आणून खिडकीला जुन्या विरळ पडद्याऐवजी नवा पडदा शिवला. सुट्टीच्या दिवशी दुपारी तो कधीकधी पक्षी बघायला यायचा आणि बाबांशी गप्पा मारत बसायचा. कोणाला झोप कधी लागते, दिवसा खोलीत अंधार कसा करायचा, असं त्यांचं चालायचं.

मे महिन्यात एका रात्री वादळ आलं, गारा पडल्या आणि सगळ्या भागातली लाइट गेली. झीरोचा बल्बही विझला. मी खोलीतून बाहेर येईपर्यंत एकदा फडफड झाली आणि थांबली. काळोखात बाबांचा आवाज येत होता, एका सुरात, न थांबता. कारखान्यातला बॉयलर एकदा कसा बंद पडला होता ते ते पक्ष्यांना सांगत होते. मी इमर्जन्सीचा दिवा भिंतीकडे तोंड करून लावला आणि खाली जमिनीवर बसले. बॉयलरची गोष्ट मीही पहिल्यांदाच ऐकली. लाइट पहाटे आली. दुसऱ्या दिवशी मी चार्जिंगचा एक छोटा दिवा आणून पिंजऱ्याजवळ ठेवला.

निळ्याचं पीस पावसाळ्यात पुन्हा आलं. तोवर तो तिरका उडायचा आणि पडद्याच्या दांडीपर्यंत न पोचता दिवाणावर उतरायचा. पंखा बंद करून, भिंतीवरचा आरसा झाकून आम्ही त्यांना संध्याकाळी तासभर मोकळं सोडायचो. एके दिवशी तो पडद्याच्या दांडीवर जाऊन बसला. बाबांनी वर पाहिलं आणि पेपर वाचायला लागले.

मध्यंतरी मागच्या गल्लीतल्या एक शिक्षिका आमच्याकडे आल्या. त्यांच्याकडेही बजी होते, रात्री धडपडून एकीची शेपटी पार मोडली होती. कोणीतरी त्यांना बाबांचं सांगितलं होतं. बाबा चपला घालून त्यांच्याबरोबर गेले आणि तासाभराने परत आले.

"काय होतं?" मी विचारलं.

"पिंजरा फ्रिजच्या डोक्यावर ठेवला होता. फ्रिज सुरू झाला का हादरे बसत. खाली घ्यायले सांगितला." त्यांनी हात धुतले, नॅपकिनला पुसले. "अन् दिवा लावायले सांगितला. भाजी कशाची केली?"